पिनकाकांचा जास्तीचा दोर

पिनकाकांना खरं नाव होतं, संस्थेच्या हजेरीपुस्तकात ते व्यवस्थित लिहिलेलंही होतं, पण त्या नावाने त्यांना हाक मारील असा माणूस संस्थेत उरला नव्हता. मोठ्या साहेबांपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्यांना पिनकाकाच म्हणत. काका स्वतःही फोन उचलून 'पिनकाका बोलतोय' म्हणत, आणि पलीकडे एखादा नवा माणूस असला की दोन मिनिटं चांगला गोंधळ उडे.

संस्था समुद्राचा अभ्यास करणारी. पुढच्या इमारतीत शास्त्रज्ञ, संगणक आणि गार हवा. मागच्या अंगणात पत्र्याच्या छपराचं वर्कशॉप, तिथे काका, ग्रीस आणि उकाडा. सव्वीस वर्षं काकांनी एकच काम केलं. मूरिंग बांधायची, जहाजावर न्यायची, समुद्रात सोडायची आणि वर्षा-सव्वावर्षाने परत वर काढायची. मूरिंग म्हणजे काय हे त्यांनी आजवर निदान दोनशे नातेवाइकांना समजावलं असेल, आणि दरवेळी सगळं ऐकून झाल्यावर समोरचा 'म्हणजे बोटीवर असता तर' एवढंच म्हणाला असेल.

तर मूरिंग म्हणजे पाण्यात उभी केलेली एक लांबच लांब माळ. तळाशी वजन म्हणून रेल्वेची भंगारात काढलेली तीन चाकं. चाकांवर साखळी, साखळीवर रिलीज नावाचं एक नळकांड्याएवढं यंत्र, त्याच्यावर दोन किलोमीटर वायर. वायरला ठिकठिकाणी प्रवाह आणि तापमान मोजणारी यंत्रं बांधलेली, आणि हे सगळं ताठ उभं राहावं म्हणून मध्ये मध्ये काचेचे पोकळ गोळे, पिवळ्या प्लास्टिकच्या कवचात घातलेले, सगळ्यात वरचा तेवढा शेंदरी. सव्वा वर्ष ही माळ काळ्याकुट्ट पाण्यात उभी राहून नोंदी घेते. मग जहाज परत तिथे जातं, पाण्यात ठरावीक आवाज सोडतं, रिलीज तो आवाज ओळखतं आणि आपला हूक उघडतं. चाकं तळाशी राहतात, बाकीची माळ गोळ्यांच्या जोरावर वर येते. हूक उघडला नाही तर सव्वा वर्षाचं काम समुद्राच्या पोटात.

या माळेत जिथे जिथे दोन वस्तू जोडल्या जातात तिथे एक शॅकल असतो, म्हणजे U आकाराची लोखंडी कडी, तिच्या बोल्टला नट, आणि नट गळून पडू नये म्हणून त्याच्यापुढे बोल्टातून काडीएवढी पिन घालून तिचे पाय फाकवायचे. काका प्रत्येक पिनेवर बोट फिरवून बघत. एकदा वर्कशॉपमध्ये, एकदा जहाजावर आणि एकदा पाण्यात जाण्याआधी. डोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. डोळे बघायचंय तेच बघतात, बोटांना मात्र लबाडी जमत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी बांधलेली एकही मूरिंग आजवर वाया गेली नव्हती, आणि या गोष्टीचा त्यांना गर्व नव्हता असं मी म्हणणार नाही. भरपूर होता. फक्त तो ते ग्रीसच्या फडक्याखाली झाकून ठेवत.

आता निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि या माणसाच्या जिवाला एक घोर लागून राहिला होता.

झालं होतं असं. चौदा महिन्यांपूर्वी ज्या दिवशी शेवटची मूरिंग सोडली, त्या दिवशी समुद्र चांगलाच उसळलेला होता. जहाज झोके खात होतं आणि मागच्या डेकवर ठेवलेलं रिलीज आणि साखळीची कडी एकमेकांवर धाडधाड आपटत होती. हुकाला इजा होईल म्हणून काकांनी खिशातला नायलॉनचा दोर काढला आणि हूक अन् कडी मिळून चार वेढे घालून गच्च आवळले. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बाकी कुणी ते केलंही नसतं. आपटत राहू दिलं असतं. मूरिंग सोडण्याआधी एक एकतीस कलमांची यादी मोठ्याने वाचतात, तिच्यात पिना आहेत, नट आहेत, यंत्रांची झाकणं आहेत. काकांचा दोर तिच्यात नव्हता, कारण तो काकांचा जास्तीचा होता.

यादी वाचत होती ती मुलगी, जिच्यासाठी ही मूरिंग होती. तिला सगळे डॉक्टर म्हणत. ती अजून डॉक्टर झालेली नव्हती. पाच वर्षं प्रबंध चालू होता आणि तो या मूरिंगच्या नोंदींवाचून पुरा होणार नव्हता. म्हणून थट्टेने आगाऊच डॉक्टर. ती एकेक कलम वाचत होती, काका 'झालं' म्हणत होते, तेवढ्यात वायर गुंडाळायच्या यंत्रावर, विंचवर, वायर अडकली म्हणून सारंगाने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या म्होरक्याने, बोंब ठोकली. काका धावले. वायर सोडवून परत आले तेव्हा यादी संपली होती, एकतीसच्या एकतीस खुणा झालेल्या होत्या. वरून 'सोडा' असा हुकूम आला. चाकं धप्पकन पाण्यात गेली आणि लाटांवर लांब पसरलेले पिवळे गोळे एकामागून एक पळत येऊन पाण्याखाली गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनीही वाजवल्या.

दुपारी जेवायला बसताना त्यांनी खिसा रिकामा केला. कापलेला दोर ते कधी डेकवर टाकत नसत, पायात येतो म्हणून खिशात ठेवत. खिशात दोर नव्हता. कापल्याचं आठवतंय का, म्हणून त्यांनी डोकं चालवलं. आठवेना. समोरची डाळ गार होत गेली. दोर तसाच राहिला असेल तर हूक उघडूनही कडी सुटणार नव्हती.

कापलाच असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. सव्वीस वर्षांची सवय आहे, हाताने आपोआप कापला असेल, वाऱ्याने उडून गेला असेल. त्याच वेळी डॉक्टर ताट घेऊन शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "काका, सगळं नीट गेलं ना?"

"शंभर टक्के," काका म्हणाले.

पुढचे चौदा महिने त्यांनी या दोन शब्दांवर काढले. डॉक्टर रोज चार वाजता वर्कशॉपमध्ये चहाला यायची, गोळ्याच्या एका उपड्या कवचावर बसायची आणि नोंदी आल्यावर काय काय करणार ते सांगायची. आईला फोन करून प्रबंध देण्याची तारीखही सांगून टाकली होती म्हणे. काका मान डोलवत आणि तिचा कप पुन्हा भरत. सांगून काय होणार, दोर काही घरबसल्या कापला जाणार नाही, असा एक भक्कम युक्तिवाद त्यांनी तयार ठेवला होता. युक्तिवाद बिनतोड होता. रोज नव्याने स्वतःला पटवून द्यावा लागे, एवढंच.

काकू आधी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. तीस वर्षं कानाला यंत्र लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून दिल्यामुळे त्यांना लांबण लावणारा माणूस सहन होत नसे. मूरिंग काढायला जहाज निघायच्या आठवडाभर आधी एका संध्याकाळी काका बॅग भरत होते. भरलेली बॅग त्यांनी दोनदा रिकामी केली आणि पुन्हा भरली. काकू पलंगावर बसून बघत होत्या.

"गेलं वर्षभर गॅसचं बटण तीन-तीनदा बघताय. कुलूप लावून चार पायऱ्या उतरता आणि परत वर येता. काय झालंय?"

"काही नाही. वय झालं."

"वय मलाही झालंय. अहो, माणूस काहीतरी गिळतोय हे मला नुसत्या श्वासावरून कळतं. बोला."

काकांनी सांगितलं. बॅगेतल्या सदऱ्यांकडे बघत सांगितलं. काकूंनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे दोर राहिला," सगळं ऐकून त्या म्हणाल्या.

"राहिला असं नाही. राहिला असेल."

"कापल्याचं आठवतं?"

"नाही."

"मग राहिला."

"तुला काय कळतंय त्यातलं!" काका उखडले.

"त्यातलं नाही कळत. तुमच्यातलं कळतं. त्या पोरीला माहीत आहे?"

काकांनी बॅगेतला एक सदरा उलगडून त्याची पुन्हा घडी घातली.

"रोज येऊन तुमच्याजवळ बसते ती. आणि तुम्ही तिला चहा पाजता." काकूंनी एवढंच म्हटलं आणि उरलेली बॅग स्वतः भरली. "उद्या सांगून या."

दुसऱ्या दिवशी काका धुतलेला सदरा घालून पुढच्या इमारतीत गेले. मोहिमेच्या प्रमुख मॅडम कागदांच्या ढिगाऱ्यात बसल्या होत्या. काकांना दारात बघून त्यांचा चेहरा उजळला. "या काका. बाकी सगळ्या गोष्टींनी डोकं उठलंय बघा. एक तुमची मूरिंग तेवढी आहे, तिची मला काळजी नाही."

'ग्रीसचे दोन डबे जास्त लागतील' असं काहीतरी बोलून काका परत आले.

परत येऊन मात्र त्यांनी एक काम केलं. वर्कशॉपच्या कोपऱ्यात जुने लोखंडी गळ गंजत पडले होते. हूक उघडला नाही की जहाजामागे लांब वायर सोडून, तिला हे गळ बांधून, तळाशी अडकलेली मूरिंग खेचून काढायची, त्यासाठीचे. कित्येक वर्षांत लागले नव्हते. काकांनी ते घासले, त्यांना ग्रीस लावलं आणि खोक्यात भरून वर 'इतर' असं लिहिलं. सारंगाने जहाजावर खोकं उघडून बघितलं.

"काका, गळ कशाला? मासे धरायचेत?"

"असू देत. जागा थोडीच खातात."

"दीडशे किलो आहेत चांगले!"

"असू देत म्हटलं ना."

जहाज निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांची फोनची पाळी आली. कप्तानांच्या खोलीबाहेर उपग्रहाचा फोन होता, माणशी पाच मिनिटं.

"सांगितलंत?" पलीकडून पहिला शब्द.

"अगं, इथे हवा इतकी छान आहे, आणि जेवणही या वेळी—"

"सांगितलंत का?"

"उद्या नक्की."

"मग फोनही उद्याच करा. सांगून झाल्यावर." आणि नोकरीत तीस वर्षं कुणाचंही बोलणं अर्धवट तुटू न देणाऱ्या त्या बाईने फोन ठेवला.

पाचांपैकी साडेचार मिनिटं शिल्लक होती. रांगेत मागे उभा असलेला स्वयंपाकी खूश झाला. काका जिना चढून वर नकाशांच्या खोलीत गेले, मॅडम एकट्याच होत्या, आणि बसायच्या आधीच त्यांनी बोलून टाकलं. दोर, चार वेढे, रिकामा खिसा, शंभर टक्के. सगळं. बोलून झाल्यावर मग ते बसले.

मॅडम भिंतीकडे वळल्या. भिंतीवर मोहिमेचा तक्ता लावलेला होता. मूरिंग काढायचं काम त्यात नवव्या दिवशी दुपारी होतं आणि दहाव्या दिवशी सकाळी जहाज परत फिरणार होतं.

"नवव्या दिवशी मूरिंग वर आली नसती," मॅडम हळूच म्हणाल्या, "तर आपण दोन तास वाट बघून निघून आलो असतो. गळ टाकायला पूर्ण दिवस लागतो."

"हो."

"चौदा महिने, काका."

"हो."

"आणि आता मी दिवस काढला तरी गळ कुठून आणू?"

"आहेत. 'इतर' लिहिलेल्या खोक्यात."

मॅडमनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "म्हणजे गळांना आधी सांगितलंत आणि मला नंतर." त्यांनी तक्त्यावरचं मूरिंगचं कार्ड काढून चौथ्या दिवसावर लावलं आणि त्या दिवसाची दोन कार्डं टोपलीत टाकली. ती पाण्याचे नमुने घेणाऱ्या एका बिचाऱ्या माणसाची होती. जेवणाच्या टेबलावर तो पुढे दोन दिवस काकांच्या बाजूला फिरकला नाही. "त्या मुलीला तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

डॉक्टर प्रयोगशाळेत, संगणकापुढे बसली होती. काकांनी तिसऱ्यांदा तीच गोष्ट सांगितली. तिसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं त्यांना वाटलं होतं. ते सगळ्यांत अवघड गेलं.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "त्याच दिवशी. दोन तासांत. मी तुमच्या शेजारी बसले होते."

"हो पोरी."

"मला पोरी म्हणू नका." तिने संगणक बंद केला. "दुसरं कुणी असतं तर मी पुन्हा विचारलं असतं, काका. स्वतः वाकून बघितलं असतं. तुम्ही होतात म्हणून नाही बघितलं."

ती उठून गेली. काका तिथेच उभे राहिले. त्यांना वाटलं होतं तिला प्रबंधाचं दुःख होईल. ते झालंच होतं. पण तिने बोट ठेवलं ते भलतीकडेच, आणि ते बोट बरोबर जागी पडलं होतं. सव्वीस वर्षांत काकांच्या मागून कुणी एकदाही वाकून बघितलं नव्हतं. काकांनी तो आपला मान समजला होता.

संध्याकाळी त्यांनी घरी फोन केला. "सांगितलं." "बरं. जेवून घ्या," काकू म्हणाल्या आणि या वेळी लगेच फोन ठेवला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी जहाज जागेवर पोचलं. समुद्र शांत, ऊन कोवळं. डॉक्टरने आवाज सोडणाऱ्या यंत्राची काळी कांडी पाण्यात सोडली आणि कानाला हेडफोन लावला. रिलीज जागं होतं. चौदा महिन्यांनी त्याने ओ दिली आणि अंतर सांगितलं: दोन हजार एकशे चाळीस मीटर. तिने हूक उघडायचा हुकूम पाठवला. रिलीजने उत्तर दिलं, उघडला. सगळे कठड्यापाशी गेले.

"दोन हजार एकशे चाळीस," डॉक्टरने आकडा सांगितला. माळ सुटली असेल तर अंतर झपाट्याने कमी व्हायला हवं होतं. मिनिट गेलं. "दोन हजार एकशे चाळीस." आणखी पाच मिनिटं. तिचा आवाज बारीक होत गेला. "चाळीस. चाळीसच आहे."

यंत्र प्रामाणिकपणे सांगत होतं की मी माझं काम केलंय. कुणी काकांकडे बघितलं नाही, आणि न बघायला सगळ्यांना बरेच कष्ट पडत होते.

"गळ काढा," मॅडम म्हणाल्या.

मग काकांना स्वतःचा विचार करायला वेळ उरला नाही, हे एक बरं झालं. चार हजार मीटर वायर विंचवरून सोडायची, ठरावीक अंतरावर गळ अडकवायचे, जहाजाने मूरिंगच्या भोवती मोठं वर्तुळ घ्यायचं आणि मग वायरचा फास हळूहळू आवळत आणायचा. फार जोराने ओढलं तर मूरिंगची वायर भलतीकडे तुटून यंत्रं हरवतात, हळू ओढलं तर गळ नुसताच चिखलातून घसरत जातो. काका विंचपाशी उभे राहिले. डोळे ताणाच्या काट्यावर, एक हात वायरपासून वितीवर, थरथर जाणवेल इतका जवळ. नऊशे किलो. अकराशे. परत नऊशे. दुपारचं जेवण डेकवरच आलं आणि तसंच परत गेलं. एकदा काटा दोन हजारांवर चढला आणि सारंग ओरडला, "लागलं!" पण काका म्हणाले, "नाही. खडक आहे. सोड थोडी." ते खरं निघालं.

चार वाजायला आले तेव्हा काटा पुन्हा चढू लागला. पंधराशे, सतराशे, दोन हजार, आणि या वेळी चढताना तो थरथरत नव्हता, एकसारखा चढत होता. "हीच," काका म्हणाले. "कप्तानांना सांग, इंजिन एकदम हळू." चोवीसशे. सव्वीसशे. मग वायरला एक हिसका बसला आणि काटा धाडकन आठशेवर आला.

काहीतरी तुटलं होतं. काय आणि कुठे, ते अजून पाण्यात असलेल्या तीन किलोमीटर वायरच्या दुसऱ्या टोकाला. सारंगाने डोक्यावरची टोपी काढली. डॉक्टर डेकच्या लोखंडावर फतकल मारून बसली आणि तिने गुडघ्यात डोकं घातलं. काकांनी विंच थांबवली. आपल्या हातांकडे बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांना वाटलं की हे हात कुणीतरी आपल्यापासून काढून घ्यावेत.

दहा मिनिटं. बारा. मग वरच्या मजल्यावरून कप्तान भोंग्यात ओरडले. भोंग्यातला आवाज इतका फाटला की शब्द कुणालाच कळले नाहीत, पण ते ज्या दिशेला हात करत होते तिकडे पाण्यावर एक शेंदरी ठिपका डुचमळत होता. त्याच्यामागे दोन पिवळे. मग आणखी तीन. मग माळच्या माळ, लाटांवर चमकत, एकमेकांना ढकलत.

डॉक्टर धावत कठड्याकडे गेली. ती मोठ्याने गोळे मोजत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम.

अंधार पडायच्या आत सगळं डेकवर आलं. सहापैकी पाच यंत्रं. वायरचं खालचं टोक पिंजलेलं होतं. गळाने ती तळापासून दोनशे मीटर वर कापली होती. सहावं यंत्र, खालचे गोळे, रिलीज आणि हुकापाशी जे काही होतं किंवा नव्हतं ते, सगळं खालीच राहिलं. डॉक्टरने एकेक यंत्र संगणकाला जोडलं. पाचही यंत्रांत चौदा महिन्यांच्या नोंदी भरलेल्या होत्या. "पाचांत भागेल," ती मॅडमना म्हणाली. "नक्की भागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम नोंदवही घेऊन बसल्या. त्यांनी काकांना बोलावलं. डॉक्टर शेजारी यंत्रांचे क्रमांक वाचून दाखवत होती.

"'हूक उघडूनही मूरिंग न येण्याचं कारण' असा रकाना आहे," मॅडम म्हणाल्या. "काका, खरं म्हणजे आपल्याला माहीत नाही. दोर असेल, नसेलही. कडी गंजून अडकली असेल. शंख-शिंपले बसून हूक अर्धाच उघडला असेल. 'यंत्रातील बिघाड' लिहिलं तर ते खोटं आहे असं कुणालाच म्हणता येणार नाही."

काकांना ते ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. आठ महिने उरले होते. सव्वीस वर्षांची पाटी कोरी राहिली असती. त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"बिघाड लिहिलात तर कंपनीला पत्र जाईल," ते म्हणाले. "कंपनी म्हणेल बघतो. आणि पुढच्या वेळी जहाजावर कुणीही हुकापाशी वाकणार नाही. दोर लिहिलात तर वाकतील. लिहा, मॅडम. माझ्या हातून दोर राहिला."

"'राहिला असण्याची शक्यता' लिहू?"

"मला कापल्याचं आठवत नाही. राहिला, असंच लिहा."

मॅडमनी लिहिलं. मग काका म्हणाले, "आणि उद्या याच जागी जायची नवी मूरिंग सारंगांना सोडू द्या. मी वायर बघतो."

"ते मी नाही ठरवणार. मूरिंग हिची आहे."

डॉक्टर अजून क्रमांकांच्या कागदाकडेच बघत होती. तीन दिवसांत ती काकांशी अवाक्षर बोलली नव्हती. "काकाच सोडतील," ती म्हणाली. मग तिने मान वर केली. "पण तुमच्या मागून मी हात फिरवणार. प्रत्येक जोडावर. तुम्ही 'झालं' म्हणालात तरी. चालेल?"

काकांनी होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी नवी मूरिंग डेकभर पसरून ठेवली होती, नवी वायर, नवं रिलीज, धुतलेले गोळे. काका एका टोकापासून निघाले. गुडघे टेकायचे, शॅकल हातात घ्यायचा, नट, पिन, बोट फिरवायचं, 'झालं' म्हणायचं, पुढे सरकायचं. त्यांच्यामागून एका जोडाच्या अंतराने डॉक्टर, तशीच गुडघ्यांवर. काकांचे खांदे ताठरले होते. मागे कुणीतरी आहे हे पाठीला जाणवत होतं आणि सव्वीस वर्षांत पाठीला त्याची सवय नव्हती. खलाशी मुद्दाम दुसरीकडे बघत होते. रिलीजपाशी आल्यावर काकांनी हुकाभोवती बोटं फिरवली, दोनदा. तिनेही फिरवली. हूक मोकळा होता.

त्याच्या पुढच्या, साखळीच्या शॅकलवर काका 'झालं' म्हणून सरकले, आणि मागून आवाज आला.

"काका."

ते वळले.

"हा नट नुसत्या बोटाने फिरतोय. आवळलेला नाही."

काका गुडघ्यांवरच परत आले. त्यांनी नटाला बोट लावलं. नट फिरला. पिन घातलेली, पाय फाकवलेले, सगळं जिथल्या तिथे, आणि आत नट सैल. आत्ता, या क्षणी, या दिवशी, सगळी शुद्ध जागेवर असताना त्यांच्या हातून तो सुटला होता. कुणी बघितलं नसतं तर तसाच खाली गेला असता. आजवर असे किती गेले असतील आणि केवळ नशिबाने वर आले असतील, हे त्यांच्या मनात आलं.

त्यांना वाटलं होतं, आता आपल्याला मेल्याहून मेल्यासारखं होईल. तसं झालं नाही. उलट छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायला हात न्यावा तर हाताला ग्रीस. तिने आपल्या बाहीने त्यांचा चेहरा पुसला, जरा रागानेच, आणि पान्याची पेटी त्यांच्याकडे सरकवली.

काकांनी पिन काढली, पाना लावून नट आवळला, नवी पिन घातली आणि तिचे पाय फाकवले. मग हात बाजूला घेतला.

"बघ पोरी," ते म्हणाले.

ती पुढे वाकली आणि तिने बघितलं.